नडगीवरचा डाग

तपासणीच्या टेबलावर बसल्यावरही त्या सलवार वर करायला तयार नव्हत्या. वय सत्तेचाळीस. डोंबिवलीहून मुंबईला रोज लोकलने जाणाऱ्या, कचेरीत हिशेबाचे काम करणाऱ्या. सोबत नवरा. त्यांनी पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आत चार मलमांच्या ट्यूबा, सगळ्या तळापासून गुंडाळत आणलेल्या. ‘‘तीन वर्षं हेच लावतेय, मॅडम. कमी होतं, परत येतं.’’ मग नवऱ्याने खाली बघत, हळू आवाजात विचारले, ‘‘खरं सांगा, ते नाही ना?’’

‘ते’ म्हणजे काय हे मला विचारावे लागले नाही. त्वचेच्या दवाखान्यात बसणाऱ्या कुणालाही ते समजते.

दोन्ही नडग्यांवर तळहाताएवढे चट्टे होते. कडेने तांबूस-तपकिरी, किंचित उंचावलेले. मध्ये पिवळसर, मेण फासल्यासारखी चकाकणारी, इतकी पातळ त्वचा की खालच्या बारीक रक्तवाहिन्या दिसाव्यात. तिथे केस नव्हते. टाचणीचे टोक लावले तर बाजूच्या त्वचेपेक्षा कमी जाणवत होते. आंतरजालावर ही लक्षणे वाचून त्यांच्या भाचीने निदान करून टाकले होते. तेव्हापासून या बाई घरात वेगळ्या गादीवर झोपत होत्या आणि सख्ख्या बहिणीकडे हळदीकुंकवालाही जात नव्हत्या.

तो कुष्ठरोग नव्हता. कडेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला, त्यात निदान पक्के झाले : नेक्रोबायोसिस लिपॉइडिका. त्याच आठवड्यात रक्त तपासले. उपाशीपोटी साखर १८६. त्यांना मधुमेह होता आणि तो तोवर कुणाला ठाऊकच नव्हता. (ही हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

या एका रुग्णाच्या निमित्ताने मला एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. आपण मधुमेह रक्तात आणि लघवीत शोधतो, पण माणसाच्या पायांकडे बघत नाही. आणि पायावर काही दिसलेच, तर डॉक्टरला दाखवण्याआधी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणतो. या दोन सवयी मिळून माणसांची वर्षे वाया घालवतात.

आधी आजाराविषयी. आपल्या त्वचेच्या मधल्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. त्वचेला बळकटी त्यांच्यामुळे येते. या आजारात ते धागे जागोजागी झिजून मोडतात. शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी तिथे जमतात, मोडलेल्या धाग्यांभोवती थरावर थर रचून बसतात. पेशींच्या अशा जमावाला ग्रॅन्युलोमा म्हणतात. जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, चरबीचे कण साठतात, म्हणून चट्ट्याला पिवळी झाक येते. हे कशामुळे सुरू होते, याचे पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राकडे अजून नाही. हा संसर्ग नाही. स्पर्शाने, कपड्यांतून, एका ताटात जेवल्याने तो कुणालाही होत नाही. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो आणि त्याची ठरलेली जागा म्हणजे नडगी.

व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ ओपनहाइम यांनी १९२९ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. १९३२ मध्ये एरिक उर्बाख यांनी त्याला आजचे नाव दिले आणि नावाच्या शेवटी ‘मधुमेहींचा’ अशा अर्थाचे शेपूट जोडले. पुढे १९३५ मध्ये मधुमेह नसलेल्या माणसातही हा आजार दिसला आणि ते शेपूट डळमळू लागले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९६६ मध्ये १७१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यात जवळपास दोन-तृतीयांश जणांना मधुमेह होता. १९९९ मध्ये आयर्लंडमधील ६५ रुग्णांच्या पाहणीत मात्र सुरुवातीला जेमतेम ११ टक्के लोक मधुमेही निघाले. उलट बाजूने पाहिले, तर पाश्चात्त्य पाहण्यांनुसार हजार मधुमेहींमध्ये तीन ते बारा जणांना हा आजार होतो. आपल्याकडे तो याहूनही विरळाच भेटतो.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. असा डाग दिसला म्हणजे मधुमेह असणारच, असे नाही. पण असा डाग दिसल्यावर साखर न तपासणे हा निष्काळजीपणा आहे. काही रुग्णांत डाग आधी येतो आणि मधुमेहाचे निदान नंतर होते. माझ्या या रुग्णाचे तसेच झाले. पहिली ट्यूब घेतली त्या दिवशी कुणी बोटातून एक थेंब रक्त काढले असते, तर बहुधा काही वर्षे आधी कळले असते. डोळ्यांच्या पडद्याला, मूत्रपिंडाला आणि पायाच्या नसांना ही वर्षे फार महाग पडतात.

याचा एक सख्खा भाऊही आहे, ग्रॅन्युलोमा ॲन्युलारे. हाताच्या किंवा पावलाच्या पाठीवर बारीक, घट्ट पुळ्यांचे कडे उमटते. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये एखाद-दुसरे कडे उठले, तर घाबरण्यासारखे नसते. निम्म्या रुग्णांत ते साधारण दोन वर्षांत आपोआप विरते. पण प्रौढ वयात अशी कडी अंगभर पसरली, तर साखर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड तपासावे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे २१ टक्क्यांना मधुमेह होता, तर तुलनेसाठी घेतलेल्या गटात सुमारे १३ टक्क्यांना. संबंध आहे, पण तो सरसकट नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. गोल कडा असलेला डाग दिसला की मराठी घरात दोनच शब्द आठवतात. एक मोठ्याने उच्चारला जातो : गजकर्ण. दुसरा कुजबुजला जातो : महारोग. पहिल्यासाठी ट्यूब आणली जाते, दुसऱ्यासाठी दार लावले जाते. बिचारा तिसरा, चौथा, पाचवा आजार मग कुणाच्या ध्यानातच येत नाही.

गजकर्णाचे आधी बघू. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली हा सगळा पट्टा खाडीकाठचा, दमट. चार महिने पाऊस, बाकीचे महिने घाम. लोकलच्या डब्यात अंगाला अंग घासत दीड तास. बुरशीला याहून चांगले काय हवे? गेल्या दहाएक वर्षांत देशभर हट्टी गजकर्णाची साथच आहे आणि तिला खतपाणी घालण्यात दुकानात मिळणाऱ्या मिश्र मलमांचा वाटा मोठा आहे. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि वर एक तीव्र स्टिरॉइड. स्टिरॉइडने दोन दिवसांत खाज आणि लाली बसते, माणूस खूश होतो, आतली बुरशी मात्र पसरत राहते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये बाहेरून लावायची अनेक स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी तरतूद केली. कागदावर ती उत्तम आहे. प्रत्यक्षात माझ्या टेबलावर येणाऱ्या पिशव्या काही रिकाम्या झालेल्या नाहीत.

नेक्रोबायोसिसमध्ये या मलमांचा घोटाळा आणखी वेगळा आहे. स्टिरॉइड हे या आजाराचे औषधही आहे. चट्ट्याची जी कड पेटलेली असते, तिथे डॉक्टर ते मोजून लावायला सांगतात किंवा सुईने टोचतात. पण मधला भाग मुळातच पातळ झालेला असतो. तिथे महिनोन् महिने स्टिरॉइड चोळले, तर उरलीसुरली त्वचाही कागदासारखी होते. मग डोंबिवली स्टेशनवर गर्दीत चढताना डब्याच्या पायरीची धार नडगीला लागते, घरी पलंगाचा कोपरा लागतो, आणि तिथे जखम उघडते. या आजारात साधारण एक-तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी अशी जखम होते. मधुमेहात ती महिनोन् महिने भरत नाही. क्वचित, फार वर्षे चिघळलेल्या जागी कर्करोगही उद्भवतो. या आजाराचे खरे भय ते हे. डागाच्या रंगात काही भय नाही.

आता कुजबुजीचा शब्द. माझ्या रुग्णाच्या भाचीला दोष देणे सोपे आहे, पण तिची चूक समजण्यासारखी होती. केस गेलेला, जाणीव कमी झालेला, न खाजणारा चट्टा म्हणजे कुष्ठरोगाची शंका घ्यायलाच हवी. नेक्रोबायोसिसच्या चट्ट्यातही जाणीव कमी होऊ शकते, केस जाऊ शकतात. एवढेच काय, सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठरोगातही ग्रॅन्युलोमाच दिसतात. फरक असतो त्यांच्या मांडणीत. कुष्ठरोगात ते नसांना धरून असतात, इथे ते मोडलेल्या कोलॅजनभोवती थर करून असतात. हा फरक मोबाइलवरच्या फोटोत दिसत नाही. त्यासाठी नसा हाताने चाचपाव्या लागतात, गरज पडली तर त्वचेचा तुकडा तपासावा लागतो.

आणि समजा, तो कुष्ठरोगच असता तर? तर मी त्यांना सांगितले असते की औषध मोफत आहे, ठरावीक महिन्यांत आजार बरा होतो आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीती झपाट्याने संपते. वेगळी गादी तेव्हाही लागली नसती. भीतीपोटी लपवाछपवी करण्याइतका हा आजार दुर्मिळ झालेला नाही, हेही सांगायला हवे. २०२३ मध्ये जगात सुमारे १ लाख ८३ हजार नवे कुष्ठरुग्ण नोंदवले गेले, त्यांतले सुमारे १ लाख ८ हजार एकट्या भारतातले होते. ज्याला बुरशी समजून वर्षभर मलम चोळले जाते, त्या कुष्ठरोगात तेवढ्या काळात बोटे वाकडी होऊ शकतात.

आपल्या कल्याणात पत्रीपुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबांची वसाहत आहे. नौदलातून निवृत्त झालेले डोंबिवलीचे गजानन माने यांनी त्या वसाहतीसाठी अनेक वर्षे काम केले, २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या बातमीने आपण सगळे सुखावलो. पण आजार बरा झाल्यावरही माणसांना वेगळ्या वस्तीत का राहावे लागले, हा प्रश्न आपण स्वतःला किती वेळा विचारला? ब्रिटिशांनी १८९८ मध्ये केलेला कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवणारा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले. घटस्फोटाच्या कारणांमधून कुष्ठरोग वगळायला २०१९ लागले. कायदा बदलला तरी घरातली गादी वेगळी होतेच. एका निरुपद्रवी डागासाठी शहाणी, कमावती बाई तीन वर्षे स्वतःला घरात बाजूला ठेवते, ती या जुन्या भीतीमुळेच.

मग करायचे काय?

पहिली मागणी माझ्याच व्यवसायबंधूंकडे. मधुमेहाचा रुग्ण तपासायला येतो तेव्हा त्याचे मोजे आणि चपला काढायला लावा, सलवार किंवा पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगा. आपण रिपोर्ट बघतो, गोळी वाढवतो किंवा कमी करतो, पुढची तारीख देतो. पाय टेबलाखालीच राहतात. गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंत दोन्ही पाय पुढून-मागून बघायला दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटेही जास्त असतात, हे मला ठाऊक आहे. पण ते काम प्रशिक्षित परिचारिकाही करू शकते आणि रुग्ण बाहेर थांबलेला असतानाच ते उरकू शकते.

इथे कुणी म्हणेल, इतक्या दुर्मिळ आजारासाठी हा खटाटोप कशाला? आक्षेप रास्त आहे. केवळ नेक्रोबायोसिस शोधण्यासाठी लाखो पाय तपासा, असे मी म्हणणार नाही. पण पाय बघण्याची सवय लागली, की बोटांच्या बेचक्यातली बुरशी दिसते, टाचेची भेग दिसते, रुग्णाला न जाणवलेला फोड दिसतो, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा दिसतो. पाय कापायची वेळ येते ती बहुतेकदा अशा न बघितलेल्या छोट्या जखमेपासून. नेक्रोबायोसिसने मला फक्त आठवण करून दिली की आपण बघतच नाही. आणि बघायचे लोक थोडेथोडके नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर.

दुसरी मागणी महापालिकांकडे. तिशीपुढच्या नागरिकांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरोघरी जो अर्ज भरतात, त्यात त्वचेवरच्या डागाविषयीही विचारलेले असते. म्हणजे एकाच कागदावर साखर आणि डाग शेजारी-शेजारी आहेत. पुढची व्यवस्था मात्र दोघांना वेगळ्या वाटांनी नेते. डाग सापडलेल्याची साखर आणि साखर सापडलेल्याची त्वचा, दोन्ही त्याच भेटीत बघितल्या जाव्यात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांची रुग्णालये आणि दवाखाने आहेत. नवी इमारत नको, नवे यंत्र नको. केसपेपरवर एक ओळ वाढवायची आहे : ‘पाय बघितले का?’

तिसरी विनंती औषध विक्रेत्यांना. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणणे अवघड असते. तरीही चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची ट्यूब देऊ नका. ‘हा डाग एकदा दाखवून घ्या’ एवढे वाक्य त्या माणसाच्या जास्त उपयोगी पडेल.

आणि शेवटी तुमच्यासाठी, वाचकांसाठी. डाग खाजत असेल आणि त्यावर पापुद्रा सुटत असेल, तर बुरशीची शक्यता जास्त. खाजत नसेल, पापुद्रा नसेल आणि महिन्याभरात जात नसेल, तर तो दाखवलाच पाहिजे. आधी लावलेली ट्यूब लपवू नका, सोबत आणा. तुकडा काढायचे नाव निघाले की लोक उठून जातात. मधुमेहात नडगीवरची छोटी जखमही सावकाश भरते, म्हणून डॉक्टरही ती तपासणी विचार करूनच सांगतात. सांगितली, तर नीट विचारून घ्या, पण टाळू नका. निदान नेक्रोबायोसिसचे निघाले, तर नडगीला मार लागू देऊ नका, सिगारेट-विडी सोडा, त्वचा कोरडी पडू देऊ नका, जखम झाली तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी दाखवा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण तिच्याविषयी खोटी आशा फार दिली जाते. साखर आटोक्यात आली की हा डाग जातो, असे खात्रीने म्हणता येत नाही. या आजारावर हमखास लागू पडेल असे औषधही नाही. काहींना कडेवरच्या स्टिरॉइडने फरक पडतो, काहींना टॅक्रोलिमसच्या मलमाने, काहींना प्रकाशोपचाराने. साखर आटोक्यात ठेवायची ती डोळे, मूत्रपिंड, नसा वाचवण्यासाठी आणि झालेली जखम भरून यावी यासाठी. डाग मुळासकट घालवतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

माझ्या त्या रुग्णाचा डाग अजून आहे. कड बसली, पसरायचा थांबला, मधली पिवळी चकाकी तशीच आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊवरून सातच्या खाली आली. लोकलला जाताना त्या आता सलवारीच्या आत जाड सुती पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढतात, पायरी लागली तर लागू नये म्हणून. मागच्या भेटीत टेबलावर बसल्या आणि मी सांगण्याआधीच त्यांनी सलवार वर केली. निघताना म्हणाल्या, ‘‘या संक्रांतीला बहिणीकडे जाऊन आले. तिला पण साखर तपासायला लावली. तिची निघाली.’’